राज्यपाल आल्टगेल्ड

शिकागो हे नाव आपल्याकडील शाळकरी मुलांनाही परके नाही. सन १८९३ च्या सप्टेंबर महिन्यात त्या शहरी भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्या वर्षी शिकागोत एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि देशोदेशींचे लोक ते पाहण्यासाठी लोटत होते. स्वामीजी त्या शहरी पोहोचण्यापूर्वी सुमारे महिनाभर, म्हणजे २६ जून १८९३ रोजी, शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे त्या राज्याच्या राज्यपालाने तीन कैद्यांच्या मुक्ततेच्या हुकमावर सही केली. या एका सहीने आपले राजकीय आयुष्य बहुधा संपुष्टात येईल, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्या राज्यपालाचे नाव जॉन पीटर आल्टगेल्ड.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि राज्याचा प्रत्यक्ष कारभार मुख्यमंत्री व त्यांचे मंत्रिमंडळ पाहते. अमेरिकेतील राज्यपालाची गोष्ट वेगळी. तो लोकांच्या मतांनी निवडून येतो, कारभार स्वतः चालवतो आणि मुदत संपताच पुन्हा लोकांपुढे मते मागण्यास उभा राहतो. म्हणून लोकमताविरुद्ध जाणे त्याला फार महागात पडते.

आल्टगेल्डचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीतील नासाऊ या छोट्या संस्थानातील नीडरझेल्टर्स नावाच्या खेड्यात झाला. तो अवघ्या काही महिन्यांचा असताना त्याच्या आईबापांनी मायदेश सोडला आणि ते अमेरिकेतील ओहायो राज्यात येऊन राहिले. बाप गाड्या बनवणारा कारागीर होता. पुढे तो दुसऱ्याची जमीन कसू लागला. त्याला स्वतःला लिहितावाचता येत नव्हते आणि शेतकऱ्याच्या पोराला शाळेची गरज ती काय, असे त्याचे मत होते. जॉन हा थोरला मुलगा. त्यामुळे शेतातील कष्टाचा मोठा वाटा त्याच्याच अंगावर पडे. कधी बापाच्या शेतात, तर कधी मजुरीने दुसऱ्याच्या शेतात राबावे आणि सवड मिळेल तेव्हा हाती येईल ते पुस्तक वाचावे, असा त्याचा क्रम असे. घरात जर्मन भाषा बोलत. शाळेत गेल्यावर तो इंग्रजी शिकला खरा. पण त्याच्या उच्चारांतील जर्मन छटा जन्मभर कायम राहिली आणि त्याच्या विरोधकांनी तिचा भरपूर उपयोग करून घेतला.

त्या काळी अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर व दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले होते. सन १८६४ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी जॉन उत्तरेच्या सैन्यात शिरला. लढाईत त्याला इजा झाली नाही. परंतु व्हर्जिनियातील दलदलीच्या प्रदेशात त्याला जो ताप जडला, त्याने पुढे त्याची पाठ कधीच सोडली नाही. युद्धावरून परतल्यावर त्याने हट्टाने थोडे शिक्षण पुरे केले आणि तो खेड्यातील शाळेत शिक्षक झाला. पुढे पश्चिमेकडे दैव आजमावावे म्हणून तो घरातून बाहेर पडला. खिशात पैसा नसल्यामुळे त्याने बरीचशी वाट पायीच तुडवली. आर्कान्सा राज्यात आगगाडीच्या रस्त्यावर मजुरी करताना तापाने पुन्हा उचल खाल्ली. त्याही अवस्थेत तो मिसूरी राज्यात पोहोचला. तेथे त्याने दिवसा शाळेत शिकवले, शेतावर काम केले आणि एका वकिलाच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला. सन १८७१ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली आणि तीनच वर्षांनी लोकांनी त्याला परगण्याचा सरकारी वकील म्हणून निवडून दिले.

एवढ्यावर दुसरा कोणी समाधान मानता. आल्टगेल्डने मात्र सन १८७५ मध्ये ती जागा सोडली आणि सुमारे शंभर डॉलर खिशात घेऊन तो शिकागोस आला. चारच वर्षांपूर्वी त्या शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला होता आणि आता ते झपाट्याने पुन्हा उभे राहत होते. तेथे त्याची कोणाशीही ओळख नव्हती. आरंभीचे दिवस त्याने कचेरीतच झोपून काढले. दोन वर्षांनी एमा फोर्ड या बालपणापासून परिचित असलेल्या तरुणीशी त्याचा विवाह झाला. वकिलीत जम बसल्यावर त्याने जमिनी घेतल्या, त्यांवर इमारती बांधल्या आणि दहा-बारा वर्षांत तो श्रीमंत झाला. शहराच्या मध्यभागी त्याने बांधलेली सोळा मजल्यांची युनिटी बिल्डिंग ही त्याला आपल्या सर्व कर्तृत्वात अधिक प्रिय होती. त्या इमारतीवर त्याचा इतका जीव का होता, हे त्याच्या बालपणाकडे पाहिले म्हणजे समजते.

पण धन मिळाल्यावर गरिबीचा विसर पडावा, असे त्याच्या बाबतीत घडले नाही. शिकागोच्या तुरुंगांत व पोलीसचौक्यांत कोणते लोक येतात, याचे त्याने बारकाईने निरीक्षण केले. त्यांत दरिद्री, बेकार, पोरके आणि नुकतेच परदेशातून आलेले लोकच फार, असे त्याला दिसून आले. दंड भरण्यास पैसे नसल्यामुळे कित्येक जण कोठडीत पडून राहत आणि तेथून बाहेर पडताना खरे गुन्हेगार होऊन पडत. या विषयावर त्याने सन १८८४ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्याच्या प्रती स्वखर्चाने न्यायाधीश, आमदार, तुरुंगाधिकारी यांना पाठवल्या. ओहायोतील एका गावी ते क्लॅरेन्स डॅरो या तरुण वकिलाच्या हाती पडले. ते वाचून डॅरो इतका भारावला, की शिकागोस आल्यावर त्याने लेखकाची मुद्दाम भेट घेतली. हाच डॅरो पुढे अमेरिकेतील अत्यंत नामांकित फौजदारी वकील झाला. दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. सन १८८६ मध्ये आल्टगेल्ड शिकागोच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश म्हणून निवडून आला व पाच वर्षे त्याने ते काम केले.

ज्या वर्षी तो न्यायाधीश झाला, त्याच वर्षी शिकागोत ती भयंकर घटना घडली. त्या काळी कारखान्यांतील कामगारांना दिवसाचे दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक, राबावे लागे. त्याच सुमारास आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून झटत होते. अमेरिकेतील कामगारांनी कामाचा दिवस आठ तासांचा असावा अशी मागणी करून १ मे १८८६ रोजी देशभर संप पुकारला. शिकागो हे त्या चळवळीचे मुख्य ठाणे होते. ३ मे रोजी एका कारखान्यासमोर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात काही कामगार ठार झाले. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट नावाच्या चौकात सभा भरली. शहराचा महापौर स्वतः त्या सभेस हजर होता. सर्व काही शांततेने चालले आहे असे पाहून त्याने पोलिसांना तसे कळवले व तो घरी गेला. आभाळ भरून आले होते आणि पुष्कळसे लोक पांगलेही होते. शेवटचा वक्ता बोलत असतानाच पावणेदोनशेच्या आसपास पोलीस सभेवर चालून आले. त्याच क्षणी कोणीतरी त्यांच्यावर बाँब फेकला. स्फोटामागोमाग पोलिसांनी अंदाधुंद गोळ्या झाडल्या. त्या प्रकारात सात पोलीस प्राणास मुकले, कामगारही मेले, कित्येक जखमी झाले.

बाँब कोणी फेकला, ते तेव्हा समजले नाही आणि पुढेही कधी सिद्ध झाले नाही. परंतु शहर भीतीने व संतापाने वेडे झाले होते. अराज्यवादी म्हणून प्रसिद्ध असलेल्या आठ जणांवर खुनाचा खटला भरण्यात आला. त्यांतील बहुतेक जण जर्मन होते. त्यांपैकी कोणी स्वतः बाँब फेकला, असे सरकारपक्षानेही म्हटले नाही. त्यांच्या जहाल लेखांनी व भाषणांनी चिथावून कोणीतरी तो फेकला, म्हणून तेही खुनी, असा युक्तिवाद करण्यात आला. सात जणांना फाशीची व ऑस्कर नीबी यास पंधरा वर्षे कैदेची शिक्षा झाली. सॅम्युएल फील्डन व मायकेल श्वाब यांची फाशी त्या वेळच्या राज्यपालाने अखेरच्या क्षणी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. एकाने तुरुंगातच आत्महत्या केली. पार्सन्स, स्पीस, फिशर व एंगेल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर चढवण्यात आले. दरवर्षी १ मे हा कामगारदिन म्हणून जगभर पाळला जातो, त्याचे मूळ याच आठ तासांच्या लढ्यात आहे. आपल्या महाराष्ट्र राज्याची स्थापनाही सन १९६० मध्ये त्याच तारखेस झाली, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

या सर्व काळात आल्टगेल्डने जाहीरपणे एक शब्दही उच्चारला नाही. चौघांचे प्राण वाचवावेत म्हणून जेव्हा सह्या गोळा केल्या जात होत्या, तेव्हाही तो गप्पच होता. त्याच्या चरित्रातील ही जागा झाकून ठेवण्याचे कारण नाही. नवा न्यायाधीश, वाढती मालमत्ता आणि राजकारणातील महत्त्वाकांक्षा यांचा विचार त्याने त्या वेळी केला असावा. पुढे त्याने जे केले, त्याचे मोल हे मौन आठवले तरी कमी होत नाही.

सन १८९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला राज्यपालपदासाठी उभे केले. खेडोपाडी हिंडून, शेतकऱ्यांच्या घरी उतरून त्याने प्रचार केला आणि सुमारे २३ हजार मतांच्या आधिक्याने तो निवडून आला. परदेशात जन्मलेला असा तो इलिनॉयचा पहिलाच राज्यपाल. त्याच्या पक्षाला तर हे पद जवळजवळ चाळीस वर्षांनी मिळत होते. परंतु जानेवारी १८९३ मध्ये शपथविधीच्या दिवशी तो तापाने इतका खंगला होता, की आपले भाषण पुरते वाचणेही त्याला शक्य झाले नाही. त्यानंतर प्रकृतीसाठी त्याला काही काळ राज्याबाहेर जाऊन राहावे लागले.

तीन कैदी अजून जोलिएटच्या तुरुंगात होते. त्यांना सोडावे, असा अर्ज हजारो लोकांनी केला होता आणि त्यांत शहरातील वजनदार व्यापारी, पेढीवाले, वकील यांच्याही सह्या होत्या. सहा वर्षांत लोकांचा राग बराच निवळला होता. त्यामुळे राज्यपालाने केवळ दया दाखवून त्यांना सोडले असते, तर थोडी कुरकुर होऊन प्रकरण मिटले असते. दयाळू राज्यपाल म्हणून त्याचे कौतुकही झाले असते. राजकारणी माणसाने हाच मार्ग पत्करला असता. आल्टगेल्डपुढे प्रश्न दयेचा नव्हताच. हे लोक खरोखर अपराधी असतील, तर त्यांना सोडण्याचे कारण नाही. आणि त्यांना न्याय मिळालेला नसेल, तर दया हा शब्द वापरणे हाच मुळी अन्याय, अशी त्याची विचारसरणी होती. म्हणून त्याने खटल्याचे प्रचंड कागदपत्र मागवले आणि आजारी शरीराने ते ओळीने वाचून काढले.

वाचून झाल्यावर त्याने जे लिहिले, ते एका लहानशा पुस्तकाएवढे आहे. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे पंचांची नावे चिठ्ठ्या काढून निवडावयास हवी होती. येथे मात्र एका खास अधिकाऱ्यास नेमून त्याने पसंत केलेली माणसेच बोलावण्यात आली होती. आरोपींविषयी आपले मन आधीच कलुषित झाले आहे, असे ज्यांनी उघड सांगितले त्यांनाही न्यायाधीशाने पंच म्हणून चालवून घेतले होते. बाँब फेकणाराच ठाऊक नाही. मग त्याने या लोकांचे लेख वाचले किंवा भाषणे ऐकली, हे ठरवावयाचे कसे? नीबीविरुद्ध तर पुरावा जवळजवळ नव्हताच. साक्षी मिळवताना पोलिसांनी धाकदपटशा केला होता, तोही त्याने उघडकीस आणला. अखेरीस त्याने खटला चालवणाऱ्या न्यायाधीश गेरी याच्या पक्षपाताविषयी कडक शब्दांत लिहिले. हा शेवटचा भाग अधिक सौम्य असता तर बरे, असे त्याच्या काही मित्रांनाही वाटले. मागे एका दिवाणी प्रकरणात गेरीशी त्याचा खटका उडालेला होता. त्यामुळे जुना राग काढल्याचा आरोप करण्यास विरोधकांना आयतीच संधी मिळाली. न्यायाची बाजू मांडताना लेखणीला थोडा आवर घातला असता, तर त्या बाजूचे काहीच बिघडले नसते.

ज्या प्राथमिक पंचमंडळाने या आठ जणांवर आरोप ठेवले होते, त्यातील एक सभासद पुढे पश्चात्ताप पावून सुटकेसाठी खटपट करीत होता. हुकूम तुरुंगात नेऊन देण्याचे काम राज्यपालाने त्याच्याकडेच सोपवले. ते कागद हाती घेताना त्याच्या डोळ्यांना पाणी आले. तिघेही त्याच दिवशी बाहेर पडले. नीबीची पत्नी तो कैदेत असतानाच वारली होती.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी जे काहूर उठवले, त्याला सीमा राहिली नाही. राज्यपाल स्वतःच अराज्यवादी आहे, तो अमेरिकन नव्हेच, त्याला कायद्याची चाड नाही, असे लिहिले जाऊ लागले. काही ठिकाणी त्याच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. व्यंगचित्रांत त्याला हाती मशाल व सुरा घेतलेला दाखवू लागले. ज्या प्रतिष्ठित लोकांनी सुटकेच्या अर्जावर सह्या केल्या होत्या, त्यांतील बरेचसे आता मूग गिळून बसले. परंतु एवढ्या गदारोळात एक गोष्ट मात्र कोणाला करता आली नाही. त्याने मांडलेले मुद्दे एकेक करून खोडून काढणे फारसे कोणाला जमले नाही.

याच वर्षी राज्याच्या कायदेमंडळाने कारखान्यांविषयी एक महत्त्वाचा कायदा केला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास ठेवण्यास त्यान्वये बंदी झाली आणि स्त्रियांच्या कामाचा दिवस आठ तासांचा ठरला. शिकागोतील कोंदट खोल्यांत लहान मुले दिवसभर कपडे शिवीत बसत; त्या खोल्यांची तपासणी करण्याची व्यवस्थाही कायद्यात होती. त्यासाठी आल्टगेल्डने मुख्य निरीक्षक म्हणून फ्लॉरेन्स केली या विदुषीची नेमणूक केली. त्या काळी स्त्रीला असे अधिकारपद देणे ही नवलाईच होती. केलीबाईंनी काम इतक्या नेटाने केले, की खटले चालवण्यास सरकारी वकील दिरंगाई करतो असे दिसताच त्यांनी स्वतः कायद्याचा अभ्यास करून पदवी मिळवली. आठ तासांचे कलम मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सन १८९५ मध्ये रद्द केले. वेड्यांची इस्पितळे, तुरुंग आणि विशेषतः राज्याचे विद्यापीठ यांच्याकडेही आल्टगेल्डने पुष्कळ लक्ष दिले. स्वतःला विद्यापीठाचे तोंड पाहावयास न मिळालेल्या या माणसाने विद्यापीठासाठी कायदेमंडळाकडून पूर्वी कधी मिळाला नव्हता एवढा पैसा मिळवला.

सन १८९४ मध्ये त्याच्यापुढे दुसरी कसोटी उभी राहिली. शिकागोजवळ पुलमन नावाचा एक धनिक आगगाडीचे शयनडबे बनवण्याचा मोठा कारखाना चालवीत असे. कामगारांची घरेही त्याच्याच मालकीची होती. मंदी येताच त्याने पगार कापले. घरभाडे मात्र एका पैशानेही कमी केले नाही. कित्येकांच्या हाती भाडे वजा जाता काहीच उरेना. मे महिन्यात कामगारांनी संप केला. यूजीन डेब्स याच्या नेतृत्वाखालील आगगाडी कामगारांच्या संघाने त्यांना पाठिंबा दिला आणि पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवण्याचे नाकारले. पाहता पाहता अर्ध्या देशातील वाहतूक ठप्प झाली. टपालास अडथळा येतो, असे कारण दाखवून राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड याने ४ जुलै रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, शिकागोत मध्यवर्ती सरकारचे लष्कर उतरवले.

क्लीव्हलंड हा आल्टगेल्डच्याच पक्षाचा. तरीही राज्यपालाने त्यास लांबलचक तार करून विरोध नोंदवला. राज्यात शांतता राखणे हे राज्याचे काम आहे. राज्याने मदत मागितलेली नाही. राज्याजवळ स्वतःची शिबंदी सज्ज असून जेथे जेथे मागणी आली तेथे तेथे ती तात्काळ पाठवली आहे. अशा स्थितीत न विचारता लष्कर धाडणे हे लोकांच्या स्वराज्याच्या हक्कावर आक्रमण आहे, असे त्याने कळवले. राष्ट्राध्यक्षाचे उत्तर त्रोटक होते. त्यावर आल्टगेल्डने दुसरी तार केली. पण लष्कर परत गेले नाही. उलट लष्कर आल्यानंतरच दंगली व जाळपोळ वाढली आणि मग राज्यालाही आपली शिबंदी शहरात आणावी लागली. संप मोडला. डेब्सला तुरुंगवास घडला. पुढल्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मध्यवर्ती सरकारचीच बाजू उचलून धरली. मध्यवर्ती सत्ता व राज्ये यांच्या अधिकारांच्या मर्यादा कोठे आखाव्यात, हा वाद आपल्याही संघराज्यात अपरिचित नाही; तो कायद्याच्या ग्रंथांत सोडून आपण पुढे जाऊ.

संप मोडल्यावर ऑगस्ट महिन्यात राज्यपाल स्वतः पुलमनच्या वसाहतीत गेला व घरोघर फिरला. तेथे सुमारे सहा हजार माणसे अन्नावाचून दिवस कंठीत होती आणि त्यांत बायकामुलांचाच भरणा अधिक होता. त्याने मालकाला पत्र लिहून थकलेले भाडे माफ करण्याविषयी व लोकांना थोडेथोडे काम देण्याविषयी विनविले. मालकाने दाद दिली नाही. तेव्हा आल्टगेल्डने राज्यातील जनतेला आवाहन केले आणि लोकांनी धान्य व पैसा पाठवून त्या कुटुंबांना जगवले.

त्याच्या कारकिर्दीतील आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. शिकागोतील ट्रामगाड्यांचा मक्ता चार्ल्स यर्कीज या धनाढ्य गृहस्थाच्या हाती होता. तो मक्ता दीर्घ मुदतीसाठी पक्का करून देणारी विधेयके सन १८९५ मध्ये कायदेमंडळाने संमत केली. ती कशी संमत झाली असतील, हे सांगावयास नको. राज्यपालाने नुसती सही केली की काम फत्ते. त्याच सुमारास मंदीमुळे आल्टगेल्ड स्वतः कर्जात बुडाला होता आणि त्याची ती लाडकी इमारत हातची जाण्याच्या बेतात होती. सहीसाठी त्याला फार मोठ्या रकमेचे आमिष दाखवण्यात आले, असे सांगतात. त्याने विधेयके नामंजूर करून परत पाठवली. इमारत गेली.

सन १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन शिकागोतच भरले. क्लीव्हलंडच्या धोरणाचा धिक्कार करून शेतकरी व कामगार यांच्या बाजूचा कार्यक्रम पक्षाने स्वीकारला. त्यामागे आल्टगेल्डचे डोके व श्रम होते. परंतु राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचे नाव सुचवणेही शक्य नव्हते. जन्मतः अमेरिकन नागरिक नसलेल्या मनुष्यास ते पद राज्यघटनेने बंद आहे. विल्यम जेनिंग्ज ब्रायन या तरुण वक्त्याची निवड झाली. स्वतः आल्टगेल्ड पुन्हा राज्यपालपदासाठी उभा राहिला. प्रकृती ढासळलेली, पैसा संपलेला आणि त्यात प्रतिपक्षाने हेमार्केटची आठवण गावोगाव जागी केलेली. त्या वर्षी त्याचा पक्ष देशभर हरला आणि तोही एक लाखाहून अधिक मतांनी पडला. तथापि इलिनॉयमध्ये ब्रायनला मिळाली त्याहून सुमारे दहा हजार मते त्याला अधिक मिळाली होती, हे आकडे काढून पाहणाऱ्यालाच कळते.

मावळत्या राज्यपालाने नव्याच्या शपथविधीच्या वेळी निरोपाचे चार शब्द बोलावेत, असा तेथे प्रघात होता. जानेवारी १८९७ मध्ये आल्टगेल्ड आपले भाषण लिहून तयार ठेवून आला होता. पण त्याला बोलू देण्यात आले नाही.

शिकागोस परतल्यावर त्याने सन १८९९ मध्ये महापौरपदासाठी स्वतंत्रपणे निवडणूक लढवली व तो तिसरा आला. संपत्ती तर गेलीच होती. तेव्हा ज्या डॅरोने एके काळी त्याचे पुस्तक वाचून त्याची भेट घेतली होती, त्यानेच त्याला आपल्या वकिलीच्या कचेरीत भागीदार करून घेतले. भूतपूर्व राज्यपाल पुन्हा न्यायालयांच्या पायऱ्या चढू लागला. चालताना त्याचा तोल जाई. परंतु बोलावयास उभा राहिला, म्हणजे पूर्वीचा आवेश परत येई.

११ मार्च १९०२ रोजी दिवसभर त्याने शिकागोत एका खटल्याचे काम केले आणि संध्याकाळी तो जोलिएटला गेला. ज्या गावच्या तुरुंगातून त्याने ते तीन कैदी सोडवले होते, तेच हे गाव. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचे बोअर लोकांशी युद्ध चालू होते. बोअरांच्या बाजूने भरवलेल्या सभेत त्याने भाषण केले. भाषण आटोपताच तो कोसळला आणि पहाट होण्यापूर्वी त्याची प्राणज्योत मावळली. तेव्हा त्याचे वय अवघे ५४ वर्षांचे होते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याचा देह ठेवण्यात आला. अंत्यदर्शनासाठी हजारो लोकांची रीघ लागली. अंत्यविधीच्या वेळी डॅरो आणि शिकागोतील गोरगरिबांची सेवा करणाऱ्या जेन ॲडम्स या दोघांनी त्याला श्रद्धांजली वाहिली.

सन १९१५ मध्ये शिकागोतील लिंकन उद्यानात त्याचा पुतळा उभारण्यात आला. पुढे रशमोर पर्वतावर चार राष्ट्राध्यक्षांचे प्रचंड चेहरे खोदणारा गट्झन बोर्ग्लम हाच त्याचा शिल्पकार. आल्टगेल्डने मुक्त केलेल्या तिघांपैकी श्वाब त्याच्या आधीच वारला होता. नीबी पुतळा उभारल्याच्या पुढील वर्षी गेला. सॅम्युएल फील्डन मात्र दूर कोलोरॅडो राज्यात शेतीवाडी करून राहिला आणि सन १९२२ मध्ये वृद्धापकाळी तेथेच मरण पावला.